उलट्या चाराचं नाणं

पूर्वरंग संपला. लक्ष्मीकांतबुवांनी चिपळ्या गादीवर ठेवल्या, उपरण्यानं कपाळ टिपलं आणि ते पाटावर टेकले. मार्गशीर्षातली संध्याकाळ असूनही त्यांना घाम फुटला होता, असा रंग भरला होता त्यांनी. दौलतगंज मोहल्ल्यातली निम्मी मंडळी मराठी जेमतेम समजणारी. पण खालच्या पेढीवरचे शेठजीसुद्धा डोळे पुसत होते. टाळ थांबले की थोडा वेळ हवेत नुसती गोडी उरते. तेव्हा कुणी बोलू नये, कुणी खाकरू नये असं वाटतं. चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड बायकांमध्ये बसलेल्या लीलाताईलाही तसंच वाटत होतं.

आबासाहेबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, संभाजीराव मोहित्यांना जाऊन वर्ष झालं होतं. काल वर्षश्राद्ध उरकलं, आणि आज उत्तररंगानंतरच्या आरतीला त्यांचा चांदीचा टाक देवघरात बसायचा होता. मोहित्यांच्या घरची रीतच होती ती. घरचा कर्ता पुरुष गेला की वर्षानं त्याचा घोड्यावर बसलेला टाक घडवायचा आणि खंडोबा-भवानीच्या पंगतीला बसवायचा. मग तो माणूस गेला असं कुणी म्हणायचं नाही. तो देवात बसला असं म्हणायचं. एवढ्यासाठी लीलाताई इंदूरहून आली होती.

"बुवांचं आल्याचं दूध येईतो मंडळींना एक दर्शन घडवतो," चौकात कान्होजी उभा राहून म्हणाला. लीलाताईचा धाकटा भाऊ तो. त्याच्या हातात आबासाहेबांची शिसवी पेटी होती.

पेटी दिसली आणि लीलाताईला आबासाहेबांची ती हौस आठवली. आबासाहेब महायुद्धात पलटणीबरोबर समुद्रापार गेले, तिकडून लोक घड्याळं आणतात, दुर्बिणी आणतात. यांनी आणली जुनी नाणी. तीही वाटेल ती नाहीत. ज्यांच्या अंगावर साल घातलेलं आहे अशी, आणि त्यातलीही सगळ्यांत जुनी. कारण विचारलं तर मिशीत हसायचे. "अगं, मी जन्मलो कधी ते आमच्या आईला सांगता यायचं नाही. म्हणायची, ज्या साली टोळ आले त्या साली. टोळ तर तीनदा आले! म्हणून मला ही नाणी आवडतात. विचारायच्या आत आपलं जन्मसाल सांगतात."

"हा संग्रह उद्या दरबारच्या पदार्थसंग्रहालयात जाणार," कान्होजी सांगत होता. सहा महिने त्यानं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते या दिवसासाठी. "काचेच्या कपाटात, आबासाहेबांच्या नावानं. माधवरावकाका, आपणच सांगावं."

माधवराव कॉलेजात इतिहास शिकवत. आबासाहेबांचे जुने स्नेही. दोघांनी मिळून भिंगाखाली डोळे फोडून घेतलेले. ते उठले, चष्मा पुसला. "मंडळी, आपल्याकडे मोगलांच्या रुपयावर सन असायचाच, त्यात नवल नाही. पण युरोपात शेकडो वर्षं नाण्यावर राजा आला, क्रूस आला, साल काही आलं नाही. कुणाला सुचलंच नाही म्हणा ना. पुढं कुठं कुठं तुरळक घालायला लागले. तसलं एक चांदीचं नाणं, सन चौदाशे चौऱ्याऐंशीचं, या पेटीत आहे. शिवछत्रपतींच्या जन्माआधी जवळजवळ दीडशे वर्षांचं!"

"वाह!" शेठजी म्हणाले.

"काकासाहेब, किल्ली," कान्होजीनं हात पुढं केला.

दौलतसिंहकाका खांबाला टेकून बसले होते. आबासाहेबांचे धाकटे भाऊ. थोरले गेल्यापासून किल्ली त्यांच्या करदोट्याला असे. दुसरी किल्ली नव्हतीच. ते जागचे हलले नाहीत.

"आरतीनंतर उघड की रे. घाई काय?"

"मंडळी आत्ता बसलीत. आत्ताच."

"कान्होजी, ऐक. आरती होऊ दे."

"काकासाहेब, किल्ली."

काकांनी किल्ली दिली. पेटी उघडली. मखमलीचा वरचा थर निघाला, दुसरा निघाला. प्रत्येक नाण्याला ज्याचा त्याचा गोल खळगा. तिसऱ्या थराच्या मधोमध आबासाहेबांनी जरीच्या किनारीचा खळगा करून घेतला होता.

तो रिकामा होता.

कान्होजीनं बोट घालून पाहिलं, जणू नाणं मखमलीखाली दडून बसलंय. मग त्यानं पेटी उलटी केली. इतर नाणी खणखणत जाजमावर पसरली. माधवराव गुडघ्यांवर बसून ती चाचपू लागले, एकेक डोळ्याशी नेऊ लागले. साथीदाराचा बाजाच्या पेटीवरचा सूर मध्येच बंद पडला. चौकात एवढी माणसं, पण शेगडीतला निखारा फुटल्याचं ऐकू आलं.

आणि त्या शांततेत लीलाताईच्या तोंडून निघून गेलं. आपण केव्हा उठून चिकाला भिडलो हेही तिला कळलं नाही.

"किल्ली एकट्या काकासाहेबांकडे होती! घोडी विकली तेव्हा पळाली म्हणून सांगितलंत, आता नाणंही पळालं म्हणा! घरातच चोर निघाला?"

घरंदाज मराठा घरातल्या लेकीचा आवाज चिकाबाहेर जात नाही. हा गेला, आणि भिंतीवर आपटून परत आला. बायकांत कुणीतरी "अगं बाई!" म्हणून तोंडावर पदर घेतला. घोडीची गोष्ट खरी होती. पण तिला वीस वर्षं झाली होती, आणि ती घरातली होती.

काका रागावले नाहीत. त्यांनी चिकाच्या दिशेनं एकदा पाहिलं फक्त, पागोटं सारखं केलं आणि बुवांना नमस्कार करून देवडीकडं निघून गेले.

ती नजर लीलाताईला सोसवली नाही. ती धडपडत स्वयंपाकघरात गेली.

तिच्या आईसाहेब, उषाताई, नैवेद्याच्या पोळ्या लाटत होत्या. चुलीचा जाळ, वर पोळी फुगलेली. चौकातलं इथं काही पोचलं नव्हतं.

"आईसाहेब, आबासाहेबांचं नाणं गेलं! ते उलट्या चाराचं. पेटीत नाही. काकासाहेबांनी—"

"गेलं कुठं?" उषाताईंनी पोळी उलटली. "देवघरात आहे."

"देवघरात?"

"टाकाची चांदी ती." मग त्यांनी जीभ चावली. "बघ, बोलून गेले तुझ्यापायी. टाक बसेपर्यंत चांदी कुठली ते उच्चारायचं नसतं. सासूबाईंनी मला बजावलं होतं, मी भावजींना बजावलं. ते बिचारे महिनाभर गप्प राहिले, आणि मीच बोलले."

लीलाताई देवघराकडं धावली. पाटावरचं लाल कापड तिनं उचललं. तळहाताहून लहान टाक. त्यावर घोडा, घोड्यावर स्वार, हातात भाला. कोरी चांदी चंद्रासारखी चमकत होती. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. साल नाही, अक्षर नाही, मुकुट नाही. काही नाही.

मागून कान्होजी आणि माधवराव आले ते दारातच थबकले. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं. माधवराव मटकन उंबऱ्यावर बसले. एरवी उंबऱ्यावर बसू नये म्हणून पोरांना दटावणारे ते.

"वहिनी... वितळवलं?"

"वितळवून पत्रा ठोकला, मग साच्यावर बसवला," उषाताई पदराला हात पुसत आल्या. "सोनार म्हणाला, बाईसाहेब, चांदी फार गोड आहे. हातोडीखाली लोण्यासारखी जाते."

"लोण्यासारखी!" कान्होजी ओरडला. "आईसाहेब, हद हो गई! साडेचारशे वर्षं ते नाणं लढायांतून वाचलं, आगीतून वाचलं, समुद्र ओलांडून आलं, आणि आमच्याच घरी, बाजारातल्या एका सोनाराच्या मुशीत? शेकड्यानं नाणी होती पेटीत. हेच बरं सापडलं आपल्याला?"

"सापडलं नाही, निवडलं. टाकाला माणसानं हाताळलेली चांदी लागते. आणि देवाला देताना झिजकं, फुटकं द्यायचं का रे? तुझे आबासाहेब रोज रात्री ते हातात घेऊन बसायचे. मला आकडा दाखवायचे. मला मराठी आकडे तेवढे येतात. मी म्हटलं, अहो, हा तर आपलाच चार, शीर्षासन केलेला. केवढे हसले होते! म्हणायचे, अगं, यातलं एकच ठेव असं देव म्हणाला तर मी हे ठेवीन. मग मी दुसरं काय ठेवू?"

"वहिनी," माधवराव खालच्या आवाजात म्हणाले, "इतकी जुनी, साल घातलेली नाणी तिकडेसुद्धा मोठमोठ्या संग्रहांतच. या सालाचं हिंदुस्थानात हे एकच असावं, असं आम्ही दोघं मानत होतो."

"एकच?"

"एकच."

उषाताईंचा पुसता हात थांबला. लीलाताईनं पाहिलं, आईच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला, पाणी मुरावं तसा.

"मला नाही बोलले हे कधी. आवडतं आहे म्हणाले. एकच आहे असं नाही म्हणाले." त्यांनी लेकीच्या हातातला टाक घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरला, जणू आता तो जड झाला होता. "मला वाटलं, त्या उलट्या चारावर जीव आहे त्यांचा. त्यावरून आम्ही हसलो होतो ना... म्हणून."

माधवरावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मी या टाकाला हात लावणार नाही," कान्होजी म्हणाला. "बसवायचा त्यानं बसवावा. उद्या संग्रहालयाच्या मंडळींना काय दाखवू मी? खळगा?"

तो पाय आपटत निघून गेला. आणि लीलाताईला तेव्हा कुठं आठवलं, की देवडीवर एक माणूस आहे आणि त्याला आपण चोर म्हटलं आहे.

दौलतसिंहकाका वळकटी बांधत होते. दोरीला गाठ मारताना त्यांचा एक पाय वळकटीवर होता, सैनिकाच्या सवयीनं.

"काकासाहेब! आपण बोलला का नाहीत?"

"वहिनीसाहेबांनी बोलू नका सांगितलं होतं."

"पण मी चोर म्हटलं तुम्हाला, तरीसुद्धा?"

"चोर म्हटल्यावर बोलायचं असं ठरलं नव्हतं." त्यांनी दोरी ओढली. "मुरारच्या छावणीत जुना दोस्त आहे पलटणीतला. तिथं पडेन चार दिवस. मग बघू."

"आपल्याला तर ठाऊक होतं ना, ते किती दुर्मीळ आहे? आईला नव्हतं ठाऊक. आपल्याला होतं. मग सोनाराकडं नेलंत का?"

काका वळकटीवरच बसले.

"लीला, ते नाणं कशावर आलं माहीत आहे तुला? मुंबईच्या व्यापाऱ्यानं दादासाहेबांना, तुझ्या आबासाहेबांना, कळवलं तेव्हा घरात काही नव्हतं. वहिनीसाहेबांनी हातातले तोडे काढले. माहेरचे, लग्नातले. म्हणाल्या, न्या, मला जड होतात. दादासाहेब म्हणाले, पुन्हा करू. पुन्हा कसले होतात! त्या बाईनं त्यानंतर कधी तोड्यांचं नाव काढलं नाही. या घरात येऊन तीस वर्षं झाली, कधी कुणाकडं काही मागितलं नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा मागितलं. भावजी, ते उलट्या चाराचं द्या, टाक करायचाय. आता मी काय म्हणू? नको म्हणू? वस्तू तिची. तिनं देवाला दिली. मी हमाल, पोचवून आलो."

लीलाताईनं त्यांचे पाय धरले. रडू आवरेना.

"ऊठ, ऊठ. तुझ्यावर राग नाही माझा. लहानपणी माझ्याच खांद्यावर बसून मला चाबूक मारायचीस, हे त्यापेक्षा जास्त लागलं असं थोडंच आहे." ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "पण बाई, उद्या मी या गल्लीतून चाललो की शेठजी एका हातानं रामराम करतील आणि दुसऱ्या हातानं गल्ला झाकतील. तो दुसरा हात तू कसा काढशील?"

लीलाताई उठली. ती कान्होजीकडं गेली. तो चौकाच्या दारात भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"बाहेर जाऊन सांग, काकासाहेबांनी काही घेतलं नाही म्हणून."

"आणि विचारलं, नाणं कुठाय, तर? आईनं वितळवलं म्हणू? भरल्या चौकात आईची शोभा करू? मुझसे नहीं होगा, अक्कासाहेब. तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा."

बोलला तो रागानं. पण खरं तेच होतं. पायाशी बसून मागितलेली माफी काकांपर्यंत पोचली होती, दौलतगंजापर्यंत नव्हती. चार लोकांत टाकलेला शब्द चार लोकांतूनच उचलावा लागतो.

लीलाताई चिकाआड आली. बायकांनी तिला वाट दिली. त्यांना वाटलं ती आपल्या जागी बसेल. तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. शेजारची एक काकू कुजबुजली, "अगं, काय करतेस?" तिनं चिक उचलला. बांबूच्या काड्या करकरल्या. आणि ती बाहेर आली.

चौक जागच्या जागी गोठला. मोहित्यांची लेक, इंदूरची सून, परक्या पुरुषांसमोर! म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, शेठजी खांबाकडं पाहू लागले. बुवांनी मात्र हातातला दुधाचा पेला खाली ठेवला आणि ते सरसावून बसले, जसं कुणी कीर्तनाला उभं राहिलं की बसावं तसं.

लीलाताईला समोर काही दिसत नव्हतं. समयांच्या ज्योती तेवढ्या.

"मघाशी मी चिकाआडून एक शब्द बोलले. तो खोटा होता." तिनं हात जोडले. "दौलतसिंहकाकांनी काही घेतलेलं नाही. ते नाणं माझ्या आईच्या तोड्यांचं होतं. आबासाहेबांच्या हौसेसाठी तिनं हातातले तोडे दिले, आणि आबासाहेब गेल्यावर तेच नाणं त्यांच्या टाकासाठी दिलं. टाक बसेपर्यंत बोलायचं नाही अशी आमची रीत. काकासाहेबांनी ती पाळली. चोर म्हणवून घेतलं, पण पाळली. मला रीत ठाऊक नव्हती, पण माणूस ठाऊक होता. तरी मी बोलले. सर्वांसमोर त्यांची क्षमा मागते."

आणि तिनं देवडीच्या दिशेनं, जिथं काका वळकटी काखेत घेऊन उभे होते, भर चौकात जमिनीवर डोकं टेकलं.

शेवटी बुवाच उठले. पेला घेऊन ते देवडीपाशी गेले.

"दौलतसिंहराव, अर्धं आपण घ्यावं. मी तोंड लावलेलं नाही."

भरल्या सभेत बुवांनी आपल्या हातानं पेला द्यावा हा मान लहान नव्हता. काकांनी वळकटी भिंतीशी ठेवली, पेला घेतला, एक घोट प्यायले आणि तोंड वाकडं केलं.

"बुवा, आलं फार झालंय. या घरात बायका सगळंच सढळ हातानं घालतात."

शेठजी पहिल्यांदा हसले. मग आणखी कुणी. हसणं चौकभर गेलं नाही, पण गेलं तेवढं पुरे होतं. शेठजींनी उठून काकांना आपल्या शेजारी जाजमावर जागा करून दिली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो आख्यान संपेपर्यंत तिथंच राहिला.

लीलाताई चिकाआड परतली. बायका तिच्याकडं पाहत होत्या, तिला शिवत नव्हत्या. इंदूरला ही गोष्ट तिच्या आधी पोचेल, सासरी काय ऐकावं लागेल, हे तिला दिसत होतं. उत्तररंगात बुवांनी कुठलं आख्यान लावलं हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. फक्त टाळ वाजत होते आणि त्या टाळांत ती श्वास घेत होती.

चिकाच्या फटीतून तिला कान्होजी दिसत होता. तो अजून चौकाच्या दारातच उभा होता. मघाशी ती बोलत असतानाही तिथंच होता. तोड्यांचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आता त्याचं तोंड भिंतीकडं नव्हतं. तो आत, आईच्या रिकाम्या मनगटांकडं पाहत होता. आबासाहेब असतानाही त्यानं त्या मनगटांवर काचेपलीकडं काही पाहिलं नव्हतं.

आरतीसाठी मंडळी उभी राहिली. उषाताई देवघराच्या दारात टाक तळव्यांत धरून थांबल्या होत्या. त्या कुणाला हाक मारत नव्हत्या. आज टाक बसला नाही तर नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. माधवरावही एका कोपऱ्यात हात जोडून होते. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. त्यांचं दुःख आरतीनं निवणारं नव्हतं.

कान्होजी विहिरीकडं गेला. पाय धुतले, हात धुतले, तसाच ओल्या हातांनी आला. आईसमोर त्यानं ओंजळ धरली. उषाताईंनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि टाक त्याच्या ओंजळीत ठेवला.

त्यानं तो न्याहाळला. घोडा, स्वार, भाला. अंगठा चांदीवरून फिरवला. मग देवघरात वाकून, दाटीवाटीनं बसलेल्या देवांकडं पाहत, त्यानं विचारलं,

"आईसाहेब, आबासाहेबांना कुठं बसवू?"